दुष्काळी कामावरच्या बायांच्या आठवणी रेकॉर्ड करताय? या चुका टाळा

१९७२च्या दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडायला गेलेल्या बाया आज सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. ‘काम द्या’ म्हणत तहसिलीवर गेलेल्या अशा असंख्य माणसांच्या रेट्याशिवाय रोजगार हमीचा कायदा झाला नसता. तो १९७७मध्ये मंजूर झाला, २६ जानेवारी १९७९पासून लागू झाला. सरकारी कागदांत कामं आणि खर्च सापडतो, या बाया सापडत नाहीत. म्हणून घाई करा, पण नीट करा.

माझी पहिलीच मुलाखत फसली. चाळीस मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये आजींचा आवाज जेमतेम चार मिनिटं. बाकी सगळं त्यांचा मुलगाच बोलला. मुलं शेतावर गेली की जा. जमलं तर कामावरच्या जुन्या जोडीदारणीला सोबत बसवा. एक अडली की दुसरी आठवण काढून देते.

‘कोणत्या साली?’ हा प्रश्न तर सोडूनच द्या. त्याऐवजी विचारा: थोरला तेव्हा रांगत होता की चालत होता? तुम्ही मिलोची (बाहेरून आलेल्या लाल ज्वारीची) भाकरी खायचात तेव्हाचं की नंतरचं? पोरांना सुकडी (कामावर वाटला जाणारा पौष्टिक खाऊ) मिळायची का? झोळी कुठे बांधायचात? आणि हातांकडे बघा. एका आजींनी बोलता बोलता मूठ वळली, नसलेला हातोडा धरला आणि डाव्या अंगठ्याचं नख काळं पडून कसं गळालं ते दाखवलं. असं काही झालं की काय दिसलं ते तुम्ही लगेच तोंडी बोलून घ्या, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये नुसती शांतता राहते.

लिहून काढताना भाषा ‘सुधारणं’ ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते. ‘मुकादमानं खाडा मांडला’ याचं ‘अनुपस्थिती नोंदवली’ केलंत की त्या दिवसाची बुडालेली मजुरी आणि तिचा संताप दोन्ही गेलं. पुढच्या एखाद्या दुष्काळाची गोष्ट बहात्तरात मिसळली असेल तरी कापू नका. शेजारी टीप लिहा.

पत्र्याच्या घरात पंखा बंद करा, फोन फ्लाइट मोडवर टाका, एक मिनिट रेकॉर्ड करून ऐका. मूळ फाइल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, नावात गाव आणि तारीख घाला.

न वाचलेल्या कागदावर अंगठा घेतला म्हणजे परवानगी मिळाली असं नाही. हे कोण ऐकणार, कुठे ठेवणार ते सांगा आणि होकार त्यांच्याच आवाजात घ्या. मजुरीत हात मारणाऱ्या मुकादमाचं घर कदाचित त्याच गल्लीत असेल. कोणतं नाव झाकायचं ते त्यांनाच ठरवू द्या.

शेवटी रेकॉर्डिंग त्यांना ऐकवा. एकदा ऐकवलं तेव्हा आजी मध्येच म्हणाल्या, “थांब. मोर्च्याला आम्ही चौघी नव्हतो, सात जणी होतो.” आणि राहिलेली तीन नावं बोटांवर मोजून सांगितली.