रेंडर नेमकं कुठे मरतं, ते आधी बघा

"दादा, रेंडर ७३ टक्क्यांवर अडकलंय, काय करू?" रेंडर म्हणजे एडिट केलेल्या फिल्मची शेवटची फाइल तयार होणं. लग्नसराईत असा फोन आला की मी उलट एकच विचारतो: मागच्या वेळीही तिथेच अडकलं होतं का? बहुतेकांना सांगता येत नाही. तोवर त्यांनी ड्रायव्हर बदललेला असतो, कॅशे (तात्पुरत्या फाइलींचा साठा) उडवलेला असतो, कुणाच्या तरी सांगण्यावरून विंडोजही नव्याने टाकलेलं असतं. एवढ्या गोष्टी एकदम बदलल्यावर सुधारलं तरी कशाने सुधारलं ते कळत नाही, आणि पुढच्या लग्नाला पुन्हा तेच.

लग्नाच्या एडिटिंगमध्ये नवीन असाल तर ही एक सवय लावून घ्या. दर वेळी त्याच जागी मरत असेल तर दोष बहुधा टाइमलाइनवर (क्लिपा मांडतात त्या पट्टीवर) आहे: एखादी क्लिप, फोटो, इफेक्ट, टायटल. दर वेळी वेगळ्या जागी मरत असेल तर मशीनकडे वळा. याला अपवाद आहेत, त्यातला एक पुढे येईलच.

त्याआधी, खरंच अडकलंय का ते बघा. टास्क मॅनेजर उघडा. सीपीयू (प्रोसेसर), जीपीयू (ग्राफिक्स कार्ड), डिस्क यांपैकी काहीतरी हलत असेल तर काम चालू आहे, फक्त हळू आहे. रात्रीच्या वरातीच्या फुटेजवर नॉइज रिडक्शन (अंधारातले दाणे कमी करणारा इफेक्ट) लावलं असेल तर टक्केवारीचा आकडा बराच वेळ जागचा हलत नाही. तिन्ही थंड पडले असतील तर मात्र हँग.

त्याच जागी मरणाऱ्या रेंडरचा शोध सोपा असतो. प्रीमियर प्रो हे एडिटिंग सॉफ्टवेअर 'एरर कम्पायलिंग मूव्ही' म्हणतं तेव्हा खाली बरेचदा टाइमकोडही (फिल्ममधली नेमकी वेळ) देतं. मुलं घाबरून ती खिडकी बंद करून टाकतात. मोबाइलवर तिचा फोटो काढा आणि त्या टाइमकोडच्या आसपास काय आहे ते पाहा. टाइमकोड मिळाला नाही, तर सेटिंग तेच ठेवून इन-आउट (सुरुवात-शेवटाच्या खुणा) लावून अर्धीच फिल्म एक्सपोर्ट करा. जो अर्धा भाग मरतो, त्याचे पुन्हा दोन भाग. तासाभराची फिल्म असेल तर सहा वेळा अर्धं केल्यावर एका मिनिटाच्या आतला तुकडा हाती लागतो. वेळखाऊ वाटतं, पण अंदाजाने दहा उपाय करण्यापेक्षा लवकर आटोपतं.

त्या मिनिटात काय सापडतं? बरेचदा मोबाइलची क्लिप. "आमच्या आत्याने काढलेला व्हिडिओ पण टाका" म्हणून पार्टी व्हॉट्सअॅपवरून पाठवते ती. मोबाइल फ्रेम रेट एकसारखा ठेवत नाहीत. मांडवात उजेड कमी पडला की तो खाली येतो. अशी क्लिप २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर कधी आवाज पुढेमागे करते, कधी रेंडरच अडवते. हँडब्रेक किंवा शटर एन्कोडर, दोन्ही फुकट आहेत. त्यांतून क्लिप कॉन्स्टंट फ्रेम रेटवर काढून घ्या आणि मगच टाइमलाइनवर ठेवा. मी तर बाहेरून आलेली प्रत्येक क्लिप आधी अशीच धुऊन घेतो.

दुसरे गुन्हेगार फोटो. २४ मेगापिक्सेलचा ६००० बाय ४००० चा फोटो फाइल म्हणून ८-१० एमबीचा दिसतो, पण उघडल्यावर साध्या ८ बिटमध्येही मेमरीत सुमारे ९६ एमबी घेतो. अल्बममधले शंभर फोटो झूमसकट स्लाइड शोला लावले की मशीनचा श्वास अडकणारच. टाइमलाइन १९२० बाय १०८० ची असताना एवढ्या मोठ्या फोटोचा उपयोग तरी काय? आधी सगळे एकदम लहान करून घ्या. शिवाय प्रीमियरच्या प्रेफरन्सेसमध्ये मेमरीखाली 'ऑप्टिमाइझ रेंडरिंग फॉर' हे परफॉर्मन्सवरून मेमरीवर करा.

जड इफेक्टचंही तसंच. दाविंची रिझॉल्व्ह या दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये जीपीयू मेमरी भरल्याचा संदेश टेम्पोरल नॉइज रिडक्शनवर हमखास भेटतो, कारण ते एका फ्रेमसाठी मागच्यापुढच्या फ्रेमही धरून ठेवतं. तेवढी क्लिप वेगळी रेंडर करून जागेवर बसवा. रिझॉल्व्हमध्ये 'रेंडर इन प्लेस' आहे, प्रीमियरमध्ये 'रेंडर अँड रिप्लेस'. आणि नवरा-नवरीच्या नावाचं टायटलच मारत असेल तर कुठल्यातरी साइटवरून उतरवलेल्या फॉन्टवर संशय घ्या. टायटल पारदर्शक पीएनजी करून ठेवलं की वाद मिटतो.

आता तो अपवाद. पार्टीच्या जुन्या टीव्हीवर चालावा म्हणून पेन ड्राइव्ह फॅट३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये ठेवलेला असतो आणि घाईत रेंडर थेट त्याच्यावरच लावलं जातं. फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जातच नाही. ५० एमबीपीएस बिटरेटने (सेकंदाला ५० मेगाबिट) लावलं तर साधारण ११ मिनिटांच्या फिल्मनंतर ते मरतं, दर वेळी तिथेच, आणि तिथल्या क्लिपचा काडीमात्र दोष नसतो. बिटरेट बदलला की मरण्याची जागा सरकते, ही त्याची खूण. रेंडर नेहमी आतल्या डिस्कवर करा, मग कॉपी करा.

जागा दर वेळी बदलत असेल तर एक्सपोर्टमध्ये हार्डवेअर (ग्राफिक्स चिपवरच्या) एन्कोडिंगऐवजी सॉफ्टवेअर (प्रोसेसरवरचं) एन्कोडिंग निवडा. तरी मेलं तर प्रीमियरच्या प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये मर्क्युरी इंजिन 'सॉफ्टवेअर ओन्ली' करा. रात्रभर चालेल, पण पार पडलं तर संशय जीपीयूवर किंवा त्याच्या ड्रायव्हरवर येतो. एनव्हिडिया कार्ड असेल तर गेम रेडीऐवजी स्टुडिओ ड्रायव्हर टाका. जीपीयूने २ सेकंदांत उत्तर दिलं नाही तर विंडोज त्याचा ड्रायव्हर परस्पर रिसेट करतं, त्याची नोंद इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) ४१०१ क्रमांकाने सापडते.

अख्खं मशीनच बंद पडत असेल तर तिथेच 'कर्नल-पॉवर ४१' दिसेल. मशीन नीट शटडाउन न होता गेलं, एवढंच ती नोंद सांगते. कारण तुम्हीच शोधायचं. एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू ठेवून रेंडर लावा आणि तापमान बघा. मे महिन्यात, बंद खोलीत, धुळीने भरलेला पंखा असलेला लॅपटॉप १०० अंशांना टेकतो. तापमान ठीक असेल तर एसएमपीएस (मशीनचा पॉवर सप्लाय) आणि रॅम तपासा. रॅमसाठी मेमटेस्ट८६ रात्रभर चालू द्या. घरच्या इन्व्हर्टरवर मशीन असेल तर वीज जाताना होणाऱ्या बदलात ते रीस्टार्ट होऊ शकतं, मध्ये यूपीएस हवाच.

सेकंडहँड मशीन घेणाऱ्यांसाठी एक इशारा. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता येते, हे कंपनीने २०२४ मध्ये मान्य केलं, ऑगस्टपासून मायक्रोकोड (बायोस अपडेटमधून येणाऱ्या प्रोसेसरच्या आतल्या सूचना) दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण आधीच बिघडलेली चिप बायोस अपडेटने बरी होत नाही. असं मशीन घेताना विकणाऱ्यासमोर तासभर रेंडर चालवून बघा.

क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर आणि प्लगइन वापरणाऱ्यांना मी मदत करत नाही. नैतिकता बाजूला ठेवा. त्यात काय बदललंय हेच माहीत नसताना दोष शोधायचा कुठे? रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती लग्नाच्या कामाला पुरते.

एमपी४ फाइलची अनुक्रमणिका सहसा सगळ्यात शेवटी लिहिली जाते, म्हणून ९९ टक्क्यांवर मेलेली फाइल उघडतही नाही. मोठी फिल्म मी एका दमात कधीच काढत नाही. हळद, संगीत, लग्न, रिसेप्शन असे वेगळे तुकडे डीएनएक्सएचआर एचक्यू या एडिटिंगच्या मोठ्या फॉरमॅटमध्ये काढतो आणि नंतर जोडून त्यांचं एच.२६४ (पार्टीला द्यायचा लहान फॉरमॅट) करतो. एक तुकडा मेला तर तेवढाच पुन्हा. एचडीच्या तासाभराला ऐंशीएक जीबी लागतात, तेवढी जागा आधीच मोकळी ठेवा.

अपडेट, नवा ड्रायव्हर, नवं प्लगइन यांच्यासाठी चातुर्मास आहे. तुळशीच्या लग्नानंतर चालतं मशीन हलवू नका. आणि अपडेटपूर्वी प्रोजेक्टची प्रत काढून ठेवा, कारण नव्या आवृत्तीत सेव्ह केलेला प्रीमियरचा प्रोजेक्ट जुनीत सरळ उघडत नाही.