रणाला निघण्याआधी: सांगली-साताऱ्याहून कच्छला जाणाऱ्यांसाठी तयारीची यादी

बॅग भरण्याआधी तारीख ठरवा, आणि तारीख ठरवताना सुट्ट्यांच्या आधी पाऊस बघा. कच्छचं मोठं रण पावसाळ्यात पाण्याखाली असतं. नैऋत्येचा वारा कोरी खाडीतून समुद्राचं पाणी आत लोटतो, त्यात पावसाचं आणि नद्यांचं पाणी मिसळतं, आणि उतारच नसल्यामुळे ते सगळं जागेवर पसरून राहतं. ऑक्टोबरपासून ऊन-वाऱ्याने पाणी आटत जातं, मीठ वर राहतं आणि हळूहळू त्याचा कडक थर धरतो. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर बहुतेकदा पाणी, चिखल आणि कडेला मिठाची पुसट रेघ एवढंच दिसतं. रणोत्सवाचे (धोरडोला भरणाऱ्या पर्यटन उत्सवाचे) तंबू साधारण नोव्हेंबरात लागतात, पण तंबू लागले म्हणजे मीठ वाळलं असं नाही. परतीचा पाऊस लांबला असेल तर सगळंच पंधरा-वीस दिवस पुढे जातं. डिसेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीचा मध्य हा भरवशाचा काळ. त्यानंतर ऊन तापतं आणि धूळ बसून पांढरा रंगही मळतो. निघण्याच्या आठवडाभर आधी रणाच्या बाजूच्या धोरडो किंवा होडको गावातल्या मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून एकच प्रश्न विचारा: आज मिठावरून किती आत चालत जाता येतंय?

आता तिथी. चांदण्यातलं रण बघायचं असेल तर पौर्णिमा गाठावी लागते, आणि त्या दिवसाचे दर आणि गर्दी दोन्ही चढे असतात. चतुर्दशी जास्त सोयीची. चंद्र सूर्यास्ताआधीच वर आलेला असतो, त्यामुळे मावळतीचा रंग आणि चांदणं एकाच फेरीत मिळतं, आणि खोल्याही तुलनेने मिळतात. औदुंबर-नरसोबावाडीला नेमाने जाणाऱ्या घरांत मार्गशीर्ष पौर्णिमेचा विचार आधी येतो, कारण त्या दिवशी दत्तजयंती आणि खावडा गावाजवळच्या कालो डुंगर या डोंगरावर दत्ताचं जुनं स्थान आहे. तिथे प्रसादाचा भात कोल्ह्यांना घालायची रोजची पद्धत आहे. पण ही पौर्णिमा काही वर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच येते आणि तेव्हा मीठ कच्चं असण्याची शक्यता बरीच. अधिक महिना येऊन गेलेल्या वर्षी, जसं अधिक ज्येष्ठामुळे २०२६ मध्ये, ती डिसेंबरच्या उत्तरार्धात सरकते. तेव्हा खुशाल धरा. एरवी आमचं मत पौष पौर्णिमेच्या बाजूने.

दुसरा बेत छारी ढंढचा. बन्नी गवताळ प्रदेशाच्या कडेला, फुलाय गावाजवळचा हा उथळ तलाव पावसावरच भरतो. भूजपासून वायव्येला अंदाजे ऐंशी किलोमीटर. २००८ मध्ये त्याला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. चांगल्या पावसाच्या वर्षी ऐंशी चौरस किलोमीटरपर्यंत पाणी पसरतं आणि हिवाळ्यात क्रौंच हजारोंनी उतरतात, रोहितही (फ्लेमिंगो) असतात. पाऊस हुकला तर तिथे भेगाळलेली जमीन उरते. माण-खटाव, जत-आटपाडीच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. म्हणून कच्छचा पावसाळा कसा गेला हे सप्टेंबर संपताना वाचून ठेवा आणि त्यावरून या तलावाला एक दिवस द्यायचा की दोन, की वगळायचा, ते ठरवा. मायणी-येरळवाडीला रोहित बघायला जाणारे दुर्बीण घेतातच. इथे अंतरं त्याहून मोठी असतात, तेव्हा ८x४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण माणशी एक नसली तरी दोघांत एक हवीच. पांढरे, लाल, भडक पिवळे कपडे नकोत. क्रौंच रात्री पाण्यात उभे राहतात आणि उजाडताच चरायला उडतात, त्यामुळे उजाडण्याआधी काठाजवळ पोचायला हवं. एक गोष्ट लक्षात ठेवून गजर लावा: कच्छ पश्चिमेला आणि उत्तरेला असल्यामुळे डिसेंबर-जानेवारीत तिथे सूर्य सांगलीपेक्षा जवळपास अर्धा तास उशिरा उगवतो. पाण्याच्या कडेला जाऊ नका. काठचा चिखल पाय धरतो, आणि पक्षी एकदा उठले की त्यांचं चरणं मोडतं. आतला रस्ता कच्चा आहे, म्हणून फुलाय किंवा नखत्राण्याकडचा वाटाड्या आणि त्याचीच जीप घ्या. वनखात्याची परवानगी आणि वाटाड्या यांची चौकशी भूजला पोचल्यावर करत बसू नका, आधी करा.

छोटं रण हे वेगळं प्रकरण. ते पूर्वेला आहे, रानगाढवं तिथे दिसतात, धोरडोला नाही. रस्त्याने अहमदाबादवरून जाणाऱ्यांनी बजाणा किंवा झैनाबादला एक मुक्काम टाकला तर जमतं. पावसाळ्यात तिथलं रानगाढवांचं अभयारण्य बंद असतं. एकाच दिवसात दोन्ही रणं बसवायचा हट्ट करू नका.

प्रवासाचं थोडक्यात. स्वतःच्या गाडीने सांगली किंवा साताऱ्याहून भूज हजार-बाराशे किलोमीटर पडतं, तेव्हा दोन दिवस धरा आणि वाटेत सुरत-वडोदऱ्याच्या आसपास मुक्काम करा. रेल्वेने जायचं तर मुंबई गाठून वांद्र्याहून कच्छ एक्स्प्रेस किंवा दादरहून सयाजीनगरी एक्स्प्रेस, दोन्ही भूजपर्यंत जातात. हिवाळ्यातलं आरक्षण उघडल्या उघडल्या करावं लागतं. चार-पाच माणसं असतील तर रेल्वेने जाऊन भूजमध्ये गाडी भाड्याने घेणं आम्हाला जास्त शहाणपणाचं वाटतं. मीठ लागतं ते दुसऱ्याच्या गाडीला हे कारण नाही. त्या गाडीचा चालक रस्ता, चौक्या आणि जनावरांच्या वेळा ओळखतो, हे कारण आहे.

जनावरांचं गंभीरपणे घ्या. बन्नीच्या म्हशी रात्री चरतात आणि पहाटे परततात. काळ्या म्हशी, काळा डांबरी रस्ता आणि दिवे नाहीत. चांदणं बघून रात्री भूजला परतायचं असेल तर वेग चाळीसच्या वर नेऊ नका, आणि जमत असेल तर त्या रात्री होडको-धोरडोकडेच भुंग्यात, म्हणजे तिथल्या गोल मातीच्या घरात, राहा. भूज सोडताना टाकी फुल्ल करा. सीएनजीच्या गाडीतही पेट्रोलची टाकी भरलेली हवी, पुढे सीएनजीच्या भरवशावर राहता येत नाही. स्टेपनीतली हवा घरूनच तपासून निघा. जॅकसोबत फूटभर लांब-रुंद आणि इंचभर जाड फळी ठेवा. मऊ जमिनीत जॅक गाडी उचलण्याऐवजी स्वतःच खाली जातो, फळीने वजन पसरतं. ओढायचा दोर आणि हुक असू द्या.

आणि गाडी रणात उतरवू नका. टायरच्या खुणा दिसल्या तरी नाही. वरचा थर वाळलेला आणि टणक दिसतो, पण तो कुठे बोटभर तर कुठे त्याहून थोडा जाड असतो आणि त्याच्याखाली खारं पाणी प्यालेली काळी चिकणमाती असते. उसाला पाणी दिल्यावर त्याच दिवशी सरीत ट्रॅक्टर घातला तर जे होतं तेच इथे होतं, फरक इतकाच की इथे बांध जवळ नसतो. चाक एकदा फिरायला लागलं की ते स्वतःचा खड्डा करतं, खणायला गेलात तर खड्ड्यात खारं पाणी भरतं, आणि मदतीला ट्रॅक्टर यायला अर्धा दिवस जातो. आलेला ट्रॅक्टरही रुतू शकतो.

पायी चालतानाही हीच माती पायाखाली असते. पांढरंशुभ्र, कोरडं, पावलाखाली करकरणारं मीठ चालायला चांगलं. राखाडी झाक, ओलसर चमक किंवा पाऊल टाकताच कडेने पाणी सुटणं म्हणजे पुढे जायचं नाही. शंका आली तर टाच न रोवता पुढच्या पायाचा चवडा हलके दाबा, वजन मागच्या पायावरच ठेवा, थर लवला तर मागे या. पाय रुतला तर झटका देऊन उपसू नका, बूट आत राहतो. टाच हलवत बाजूने हवा आत जाऊ द्या, मग सरळ वर ओढा आणि आपल्याच पावलांच्या ठशांवरून परत फिरा. दूरपर्यंत झाड नाही, टेकडी नाही, त्यामुळे अंतराचा अंदाज हमखास चुकतो. आत जाण्याआधी मागे वळून वॉच टॉवर कुठे आहे आणि सूर्य त्याच्या कोणत्या बाजूला आहे हे बघून ठेवा. लहान मुलांना टॉवर दिसतोय तेवढ्याच हद्दीत खेळू द्या.

पायात जुने कापडी किंवा जाळीचे बूट घाला. चामडं मिठाने कडक होऊन तडकतं, म्हणून कोल्हापुरी चपला आणि चामडी बूट घरी ठेवा. अनवाणी चालायचा मोह सगळ्यांना होतो, पण मिठाचे खडे धारदार असतात आणि टाचेला भेगा असतील तर पहिल्या दहा पावलांतच डोळ्यात पाणी येतं. भेगांवर आदल्या रात्रीपासून व्हॅसलीन चोपडा. मोज्यांचे माणशी दोन जोड, आणि रणातून बाहेर आल्यावर पाय धुवायला माणशी दोन लिटर गोडं पाणी गाडीत वेगळं. ते पिण्याच्या पाण्यात मोजू नका.

पिण्याचं पाणी माणशी चार लिटर, म्हणजे चौघांना वीस लिटरचा एक जार पुरून थोडं उरतं. थंडीमुळे तहान जाणवत नाही आणि वारा अंगातलं पाणी ओढत राहतो, म्हणून तासातासाला दोन-चार घोट प्या. ओआरएसची चार-पाच पाकिटं ठेवा आणि मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घाला. अर्ध्या बाटलीत घातलं तर द्रावण जास्त दाट होतं आणि उपयोगाऐवजी त्रास होतो. भडंग आणि शेंगदाण्याची चटणी रेल्वेत बरी, रणात गूळ-शेंगदाणे, चिक्की, फळं बरी. जेवणाची काळजी नको, बाजरीचा रोटला आणि छास सगळीकडे मिळते, धोरडोच्या वाटेवरच्या भिरंडियारा गावचा मावा (दुधाचा, तंबाखूचा नव्हे) तर चुकवू नका. दारू मात्र सामानात नको. गुजरातमध्ये दारूबंदी आहे आणि चौक्यांवर गाड्या तपासतात.

ऊन इथे खालूनही लागतं. पांढरं मीठ प्रकाश परत फेकतं, त्यामुळे टोपी घालूनही हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या कडेला आणि कानाच्या पाळीमागे कातडी भाजते. एसपीएफ ३० किंवा त्यावरचं सनस्क्रीन तिथेही लावा, दर दोन तासांनी पुन्हा, आणि ओठांना बाम. काळा चष्मा नुसत्या गडद काचेचा नको. यूव्ही ४०० लिहिलेला घ्या, कारण गडद काचेमागे बाहुली मोठी होते आणि अतिनील किरण अडले नाहीत तर ते जास्तच आत जातात. कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांनी त्या दिवशी साधा चष्मा वापरावा, वाऱ्यात मिठाची पूड उडते. दिवसा शर्टावर फिरता येतं, पण सूर्य टेकला की अर्ध्या तासात हवा बदलते आणि रात्री पारा दहाच्या आसपास किंवा खाली जातो. कानटोपी, मफलर, वारा अडवणारं जाकीट घ्या. घरात माणदेशी घोंगडी असेल तर ती नक्की घ्या, उघड्यावर बसून चांदणं बघायला तिच्याइतकं चांगलं काही नाही. वयस्कर माणसांसाठी घडीची खुर्ची घ्या. रणात आडोसा नाही, म्हणून स्वच्छतागृहाला जाऊनच आत निघा, बायकांनी विशेष.

कागदपत्रांत प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र आणि दोन-दोन झेरॉक्स, गाडीचं आरसी, विमा, पीयूसी, चालकाचा परवाना. धोरडोकडे जायला वेगळा प्रवेश परवाना लागतो. तो ऑनलाइन काढता येतो किंवा भिरंडियाराच्या चौकीवर मिळतो, पण गर्दीच्या दिवशी रांगेत सूर्यास्त निघून जातो, म्हणून आधीच काढून छापून ठेवा. सरहद्द जवळ आहे, तेव्हा चौक्या, जवान आणि खावड्यापुढचा इंडिया ब्रिज यांचे फोटो काढू नका आणि परवानगीशिवाय ड्रोन नेऊच नका. बन्नीत मोबाइलला रेंज येते-जाते. नकाशा भूजमध्येच डाउनलोड करून घ्या आणि थोडी रोख रक्कम सुट्ट्या नोटांत ठेवा.

कॅमेरा पांढऱ्या रंगाला फसतो आणि मीठ राखाडी दाखवतो. एक्स्पोजर (फोटोतला उजेड) एक ते दीड स्टॉप, म्हणजे पायरी, वर न्या. मोबाइलवर मिठावर बोट ठेवून उजेडाची पट्टी किंचित वर सरकवा. बॅग खाली टेकवू नका, लेन्स उघड्यावर बदलू नका, आणि ट्रायपॉडचे पाय त्याच रात्री गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा.

कचऱ्यासाठी दोन जाड पिशव्या ठेवा. इथे संत्र्याची सालही लवकर कुजत नाही.

परतीच्या दिवशी भूजमध्ये वॉशिंग सेंटरला गाडी खालून धुऊन घ्या. वरून नुसती चमकवून उपयोग नाही, मीठ बसतं ते चाकांच्या आतल्या कडेला, सायलेन्सरच्या जोडांवर, ब्रेक डिस्कवर आणि सस्पेन्शनच्या बोल्टांवर. पायपुसण्या बाहेर काढून झटका आणि त्यांच्याखालची जमीन ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर तिथलं मीठ ओल धरून पत्रा खातं. बूट साध्या पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी पाणी बदला, मग सावलीत वाळवा. घरी पोचल्यावर पुढच्या सर्व्हिसिंगला ब्रेक कॅलिपरच्या पिना आणि बॅटरीचे टर्मिनल तपासायला सांगा.