लिफ्टचा सल्ला देता? मग लायबिलिटी पॉलिसी घेताना एवढं बघा

टू-पोस्ट, फोर-पोस्ट, सिझर, गॅरेजमधली गाडी उचलणारी लिफ्ट कुठे बसवायची, किती टनाची घ्यायची, जुनी चालेल का, हे सांगून आपलं घर चालतं. वागळे इस्टेटला किंवा तुर्भे-रबाळे पट्ट्यात मोठ्या सर्व्हिस सेंटरचं काम घ्यायला गेलं की व्हेंडर रजिस्ट्रेशनवाले जनरल लायबिलिटीचं, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणाऱ्या विम्याचं, सर्टिफिकेट मागतात, मग आपण ओळखीच्या एजंटला फोन लावतो, स्वस्तातली पॉलिसी घेतो, पीडीएफ मेल करतो आणि कामाला लागतो. मीपण चार वर्षं असंच केलं.

मग एका पावसाळ्यात तुर्भ्याच्या एका गाळ्यातून फोन आला. चार टनाची टू-पोस्ट, जागा मी बघून दिलेली, बसवली दुसऱ्यांनी. एका खांबाचे अँकर बोल्ट ढिले होऊन खांब कलला, गाडी घसरली आणि हेल्परचा हात मोडला. कोबा वरून चांगला दिसत होता, मी एका खांबाच्या जागी भोक मारून जाडी बघितली होती, दुसऱ्या खांबाखाली मात्र जुन्या मशीनचा खड्डा भरून वरून गुळगुळीत केलेलं निघालं. गाळेवाल्यांची नोटीस आली, मी पॉलिसी पुढे केली, तर कंपनीने लेखी कळवलं की नुकसान तुमच्या सल्ल्यातून झालंय आणि सल्ला या पॉलिसीत येत नाही. खरंच तसं छापलेलं होतं, प्रोफेशनल सर्व्हिसेसचं एक्सक्लुजन, म्हणजे सल्ल्याचं काम वगळल्याचं कलम, मी ते पान कधी उघडलंच नव्हतं. एफडी मोडून पैसे भरले.

म्हणून पॉलिसीचं नाव जरा बाजूला ठेवा, कागद घ्या आणि वर्षभरात तुम्ही नक्की काय काय करता ते सगळं लिहून काढा. फक्त जागा बघून रिपोर्ट देता, की बसवताना उभं राहून देखरेख पण करता, दरवर्षी लिफ्ट तपासून सही करता का, मेकॅनिक लोकांना ट्रेनिंग देता का, कधी कमिशनवर लिफ्ट विकून देता का. प्रत्येक कामाचं नुकसान वेगळ्या पॉलिसीत जातं. साइटवर तुमच्या हातून हायड्रॉलिक ऑइल सांडलं आणि कोणी घसरून पडलं, तुमच्या शिडीने शोरूमची काच फुटली, हे कमर्शियल जनरल लायबिलिटीत येतं. सल्ला चुकला, रिपोर्टमध्ये काही राहिलं, तर ते प्रोफेशनल इन्डेम्निटीत, आणि आपल्या धंद्यातला खरा धोका इथेच आहे, त्यामुळे दोन्ही घ्या, बजेट कमी असेल तर जनरलची लिमिट थोडी कमी करा पण इन्डेम्निटी सोडू नका. सोबत पोरगा ठेवला असेल तर त्याला काही झालं तर एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशनची पॉलिसी वेगळी लागते. लिफ्ट विकून देत असाल तर प्रॉडक्ट लायबिलिटीचं पण विचारा.

एक घोळ इथे हमखास होतो. एजंट पब्लिक लायबिलिटी ॲक्टची पॉलिसी हातात ठेवतात. तो 1991 चा कायदा आहे, भोपाळच्या दुर्घटनेनंतर आलेला, घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी. महापे-पावण्याच्या केमिकल कंपन्यांना ती लागते, लिफ्टवाल्याला तिचा काही उपयोग नाही.

दुसरं म्हणजे लिफ्टवर चढवलेली गिऱ्हाइकाची गाडी. तुम्ही टेस्टिंगसाठी स्वतः बटण दाबलंत आणि गाडी पडली तर कंपनी म्हणू शकते की गाडी तेव्हा तुमच्या ताब्यात होती, आणि ताब्यातल्या मालाचं नुकसान जनरल लायबिलिटीत बहुतेक वेळा वगळलेलं असतं. एकतर त्याचं एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडलेलं जादा कलम, मागून घ्या, नाहीतर माझ्यासारखं करा, बटण कायम गॅरेजच्या फोरमनलाच दाबायला लावा आणि तसं वर्क ऑर्डरमध्ये लिहून घ्या.

लिमिट दोन आकड्यांत असते, एका अपघाताला किती आणि वर्षाला एकूण किती. 50 लाख आणि 1 कोटी असेल तर ते झालं 1:2. वकिलाचा खर्च बहुतेक याच लिमिटमधून जातो, ते धरून हिशोब करा. प्रोप्रायटरशिप असेल तर देणं तुमच्या राहत्या घरापर्यंत येऊ शकतं हेही डोक्यात ठेवा.

इन्डेम्निटी पॉलिसी क्लेम्स-मेड असते, म्हणजे क्लेम येतो त्या दिवशी ती चालू पाहिजे, आणि ज्या कामावरून क्लेम आला ते रेट्रोॲक्टिव्ह डेटच्या, म्हणजे पॉलिसीवर लिहिलेल्या मागच्या तारखेच्या, नंतरचं पाहिजे. एक वर्ष रिन्यू करायचं राहिलं तर मागची सगळी तारीख हातातून जाऊ शकते. कंपनी बदलताना जुनी रेट्रो डेट तशीच ठेवतायत ना ते लेखी घ्या. आणि प्रीमियम कंपनीत जमा झाल्याशिवाय कव्हर सुरू होत नाही, इन्शुरन्स कायद्याचं 64 व्हीबी कलमच तसं आहे, त्यामुळे चेक एजंटच्या बॅगेत असताना साइटवर जाऊ नका.

प्रपोजल फॉर्म स्वतः भरा. माझ्या जुन्या फॉर्मवर धंदा "मशिनरी डीलर" लिहिला होता. तुमच्या कागदावरची पूर्ण यादी तशीच उतरवा, जुने अपघात, आलेल्या नोटिसा सगळं सांगा, लपवलेलं क्लेमच्या वेळी वर येतं.

मोठ्या सर्व्हिस सेंटरच्या वर्क ऑर्डरमध्ये "सर्व नुकसानीची जबाबदारी सल्लागाराची" अशी ओळ असते. कायद्याने जेवढी जबाबदारी तुमच्यावर येते त्याहून जास्त तुम्ही सही करून अंगावर घेतली तर ती जास्तीची पॉलिसी सहसा देत नाही. ती ओळ बदलून मागा, बऱ्याच वेळा बदलून देतात.

रिपोर्ट लिहिताना जे मोजलं तेच लिहा. दोन्ही खांबांखाली कोब्याची जाडी, काँक्रीट नवीन असेल तर 28 दिवस झाले का, बोल्टचा टॉर्क, प्लेटवर युरोपचं गाडीच्या लिफ्टचं मानक ईएन 1493 किंवा अमेरिकेच्या एएलआय या लिफ्ट संस्थेचं लेबल आहे का, सगळ्याचे तारखेसकट फोटो. गाळा वरच्या मजल्यावर असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या पत्राशिवाय हो म्हणू नका. "लिफ्ट सुरक्षित आहे" असं मोघम वाक्य कधीच नको, "या तारखेला हे हे तपासलं, हे तपासलं नाही" असं लिहा.

आणि अपघात झालाच तर आधी माणसाला हॉस्पिटलला न्या, मग लिफ्टला हात न लावता फोटो काढा, त्याच दिवशी कंपनीला मेल करा. जखमी माणसाची विचारपूस जरूर करा, पण व्हॉट्सॲपवर "माझंच चुकलं, मी भरून देतो" असं लिहू नका, कंपनीला न विचारता जबाबदारी कबूल केली तर क्लेम अडतो.

क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या, महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, प्रोप्रायटर आणि मायक्रो उद्योगांच्या पॉलिसी त्यांच्याकडे चालतात, 50 लाखांपर्यंत, आणि वकील लागत नाही. उद्यम सर्टिफिकेट (छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचं), प्रपोजलची कॉपी आणि नकाराचं पत्र एकाच फाइलला लावून ठेवा, मला माझ्या वेळी प्रपोजलची कॉपी मिळवायलाच दोन महिने गेले होते.