लँडस्केपमध्ये मास्टर्स करायचंय? मग या चुका टाळा

ऑक्टोबर लागला की लँडस्केप आर्किटेक्चरच्या, म्हणजे बागा आणि मोकळ्या जागांच्या आखणीच्या, मास्टर्सला अर्ज करणाऱ्यांचे पोर्टफोलिओ (आपल्या कामाचे नमुने) माझ्याकडे यायला सुरुवात होते. कुणी ओळखीतल्याचा भाचा असतो, कुणी आमच्या लँडस्केपच्या ऑफिसात इंटर्नशिप केलेली मुलगी, कुणी अगदीच अनोळखी. 'मॅडम, जरा नजर टाकाल का? परवा डेडलाइन आहे.' परवा! नजर टाकते, पण दरवर्षी त्याच त्या गोष्टी सांगून वैताग आलाय. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. पुढच्या वेळी लिंक पाठवता येईल.

डिग्रीचं नुसतं नाव वाचून अर्ज करणं

नावात 'लँडस्केप' दिसलं की ती आपली डिग्री, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात आपल्याकडे या नावाखाली दोन वेगळ्या दुनिया आहेत. एक आर्किटेक्चरची: दिल्ली, भोपाळ आणि विजयवाड्याच्या एसपीए (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर), अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ, पुण्यातलं बीएनसीए कॉलेज. इथे स्टुडिओ असतो, ड्रॉइंग असतं, साइट असते, काम तपासणारी ज्युरी असते आणि एम.आर्क.ला शिरायचं तर बी.आर्क. लागतं. दुसरी दुनिया कृषी विद्यापीठांची. तिथे एम.एस्सी. हॉर्टिकल्चरमध्ये फ्लोरिकल्चर आणि लँडस्केपिंग असा विषय असतो. त्यात फुलपिकं, रोपवाटिका, लॉन, पॉलिहाऊस, संशोधनाचे प्लॉट असं सगळं येतं. दोन्ही शिक्षणं उत्तम आहेत. पण एक करून दुसऱ्याची नोकरी मागायला गेलात तर समोरचा गोंधळतो, आणि तुम्हीही.

राहुरीकडची एक मुलगी माझ्याकडे आली होती. बी.एस्सी. अॅग्री, वडिलांची रोपवाटिका. झाडाचं पान न बघता नुसत्या सालीवरून नाव सांगायची. आमच्या ऑफिसातल्या बी.आर्क.वाल्यांना ते जन्मात जमणार नाही. तिला डिझाइन शिकायचं होतं, म्हणून अमेरिकेला जायचं ठरवलं. घरच्यांनी एका एजंटला गाठलं. त्याने पैसे घेतले आणि चार विद्यापीठांत अर्ज टाकून दिले, सगळे दोन वर्षांच्या एमएलएला, म्हणजे मास्टर ऑफ लँडस्केप आर्किटेक्चरला. का? तर 'ताई, एक वर्ष वाचतंय, एक वर्षाची फी वाचतेय.' चारही ठिकाणांहून नकार आला. पोरगी रडकुंडीला आलेली. मी त्यातल्या एका विद्यापीठाचं पात्रतेचं पान उघडलं. तिसऱ्याच ओळीत स्पष्ट लिहिलेलं: अर्जदाराकडे डिझाइनची व्यावसायिक पदवी हवी. एजंटने ते पान उघडलंच नव्हतं, आणि तिनेही नाही.

अमेरिकेतला प्रकार असा आहे. ज्याच्याकडे डिझाइनची पदवी नाही, त्याच्यासाठी साधारण तीन वर्षांचा एमएलए असतो. इतिहासवाले, जीवशास्त्रवाले, शेतीवाले सगळे त्यात येतात. पहिल्या वर्षी पेन्सिल धरण्यापासून सुरुवात. ज्याच्याकडे आधीच व्यावसायिक पदवी आहे, त्याच्यासाठी दोन वर्षांचा. त्यातही पोटभेद आहेत. हार्वर्डचंच उदाहरण घ्या. १९०० साली अमेरिकेतला या विषयाचा पहिला अभ्यासक्रम तिथे सुरू झाला. तिथे एमएलए वन, एमएलए वन एपी (अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) आणि एमएलए टू असे तीन प्रकार आहेत. आपले बी.आर्क.वाले 'टू म्हणजे वरचा' असं समजून एमएलए टूकडे धावतात. तो लँडस्केपचीच व्यावसायिक पदवी आधी असलेल्यांसाठी आहे. बी.आर्क.ची जागा एपीमध्ये.

आता हे एवढं किचकट का? कारण तिकडे लँडस्केप आर्किटेक्टला लायसन्स लागतं, पन्नासच्या पन्नास राज्यांत. त्यासाठी चार भागांची एलएआरई ही परीक्षा असते आणि त्या वाटेवर एलएएबीची (लँडस्केपच्या पदव्यांना मान्यता देणारं तिकडचं मंडळ) मान्यता असलेली पदवी सगळ्यात सोयीची पडते. ही मान्यता पहिल्या व्यावसायिक पदवीला असते, म्हणजे 'लँडस्केप' नाव असलेल्या सरसकट प्रत्येक मास्टर्सला नाही. ब्रिटनमध्ये हेच काम लँडस्केप इन्स्टिट्यूटची मान्यता करते, ऑस्ट्रेलियात एआयएलए या तिकडच्या लँडस्केप आर्किटेक्टांच्या संस्थेची. तिकडे राहून काम करायचं असेल तर आधी या संस्थांच्या याद्या उघडा, विद्यापीठाचं माहितीपत्रक नंतर.

परत यायचं असेल तर गोष्ट वेगळी. आपल्या आर्किटेक्ट्स अॅक्ट, १९७२ मधलं कलम ३७ नोंदणी नसलेल्याला 'आर्किटेक्ट' हे बिरुद लावू देत नाही, पण त्यातच लँडस्केप आर्किटेक्ट आणि नेव्हल आर्किटेक्ट यांना सूट आहे. हो, जहाजवाल्यांच्या पंगतीत आपलं पान मांडलंय. म्हणजे आपल्याकडे या व्यवसायाला वेगळं लायसन्स नाही. याचा फायदा प्रामाणिक माणसाला होतो, तसाच तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स करून व्हिजिटिंग कार्ड छापणाऱ्यालाही होतो. या दुसऱ्या जमातीबद्दल मी इथे लिहीत नाही, रक्तदाब वाढतो.

त्या मुलीने पुढच्या वर्षी एजंटला रामराम ठोकला, तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला स्वतः अर्ज केला आणि गेली. माझी सवय सांगते: कोणताही कोर्स कुणी सुचवला की मी आधी पात्रतेचं पान उघडते, मग फीचं, मग कुठल्या सेमिस्टरला काय शिकवतात ते. कॅम्पसचे फोटो शेवटी. बघितले नाहीत तरी चालतं.

सोलापूरच्या साइटवर मेपल

ही माझी खास नावडती चूक. बी.आर्क.च्या शेवटच्या वर्षातले पोर्टफोलिओ उघडा. साइट सोलापूरची, आणि चित्रात लालभडक पानगळ. इंटरनेटवरून कापून आणलेली मेपलची झाडं, खाली लोकरीचा कोट घातलेली गोरी बाई, तिच्या हातात कुत्र्याचा पट्टा. मे महिन्यात सोलापुरात कोट! पोर्टफोलिओ बघणाऱ्या प्राध्यापकाला यावरून एवढंच कळतं, की या मुलाने साइटवर उभं राहून आजूबाजूला पाहिलेलं नाही.

यापेक्षा महाग पडलेला प्रकार एका मुलाचा. सेप्टच्या मुलाखतीला निघाला होता, प्रोजेक्टही अहमदाबादचंच, आणि रस्त्याकडेने एका ओळीत हिरवागार कोनोकार्पस, हे बाहेरून आलेलं शोभेचं झाड. गुजरात सरकारने या झाडाच्या लागवडीवर २०२३ मध्येच बंदी घातली आहे. त्याला विचारलं, हेच झाड का? 'नर्सरीत म्हणाले लवकर वाढतं.' लवकर वाढतं! या दोन शब्दांनी आपल्या शहरांचं जेवढं नुकसान केलंय तेवढं कुऱ्हाडीनेही केलं नसेल. गुलमोहराचंही तेच. मादागास्करचं झाड, मुळं उथळ, पसारा मोठा, आणि मुलं ते कंपाउंडच्या भिंतीपासून हातभर अंतरावर लावून मोकळी होतात.

यावर सॉफ्टवेअरचा उपाय नाही. पुण्यात असाल तर एम्प्रेस गार्डनमध्ये जा, मुंबईत राणीच्या बागेत, नाहीतर आपल्या गल्लीत. वही घ्या. झाड ओळखा, उंची अंदाजा, सावली पावलांनी मोजा, कधी पान गळतं ते लिहा. मग प्लॅनवर त्याचं वर्तुळ काढताना हात आपोआप योग्य मापाचं काढतो. दिल्लीला गेलात तर सुंदर नर्सरी नक्की बघा. नव्वद एकर आहे, २०१८ मध्ये लोकांसाठी खुली झाली. आराखडा प्रा. मोहम्मद शाहीर यांचा. त्यांनी एसपीए दिल्लीत कितीतरी पिढ्या घडवल्या. मधल्या अक्षावरून चालताना पाणी कसं पायऱ्यापायऱ्यांनी खाली नेलंय, ते खाली वाकून बघा.

उतार विसरणं

झाडांनंतर जमीन. एका पोर्टफोलिओत कात्रजकडची टेकडीच्या पायथ्याची साइट होती. साठ मीटर लांबीत चार मीटर उतार, म्हणजे साधारण एकास पंधरा. विद्यार्थिनीने तिच्यावर मधोमध एक सपाट चौक मांडला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच लेव्हलला. रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेलं चित्र, सुरेख. मी विचारलं, खालच्या टोकाची चार मीटरची भिंत कुठंय? तिने पानं उलटली. पुन्हा उलटली. भिंत कुठल्याच पानावर नव्हती. 'आणि व्हीलचेअर वर कशी येणार?' म्हणाली, रॅम्प देऊ. चार मीटर चढायला एकास बाराने अठ्ठेचाळीस मीटर रॅम्प लागतो, मधले सपाट थांबे वेगळे. तेवढी जागा तिच्या चौकातच गेली असती.

दुसऱ्या एकाच्या नकाशात दोन कंटूर (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) एकमेकांना छेदत होते. तसं फक्त लोंबत्या कड्याखाली होऊ शकतं. त्याच्या साइटवर बालोद्यान होतं.

यात हुशारीचा प्रश्न नाही, घाईचा आहे. बटण दाबलं की रेंडर मिळतं, आता तर वाक्य टाइप केलं तरी मिळतं. मग लेव्हल काढायचा कंटाळा येतो. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये पाठवते. गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी, आत पाणी, दोघांनी दोन टोकं धरायची आणि भिंतीवर खडूने खुणा करायच्या. गटाराच्या जाळीपर्यंत पाणी कसं जातं, कुठे तुंबतं, ते मोजून आणा. तासाभराचं काम. पण हे करून आलेला मुलगा आयुष्यात इमारतीच्या जोत्याकडे पाणी वळवत नाही. तुमच्या पोर्टफोलिओत अशी एक साधी, हाताने काढलेली, आकडे लिहिलेली पाण्याची ड्रॉइंग असेल तर ती दहा रेंडरना भारी पडते. निदान माझ्यासमोर तरी.

बाकीच्या, पटापट

रँकिंगवर कोर्स निवडणं. क्यूएस या विद्यापीठांची क्रमवारी लावणाऱ्या संस्थेच्या यादीत आर्किटेक्चर आणि बांधीव परिसर असा एकच विषय आहे. त्यात लँडस्केपचा विभाग कसा आहे ते कळत नाही.

सगळ्यांना एकच पोर्टफोलिओ पाठवणं. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टमध्ये लँडस्केप हा आर्किटेक्चरच्या फॅकल्टीतला ट्रॅक आहे. तिथलंच वाखेनिंगन मुळात शेती आणि पर्यावरणाचं विद्यापीठ, तिथे माती आणि परिसंस्था आधी येतात. जर्मनीतला आयएमएलए हा मास्टर्सचा कोर्स वाइहेनश्टेफान आणि न्यूर्टिंगन इथल्या दोन संस्था मिळून चालवतात, इंग्रजीत. तिघांना तेच पहिलं पान पाठवून कसं चालेल?

'मला लहानपणापासून निसर्गाची ओढ आहे' या वाक्याने स्टेटमेंट सुरू करणं. सगळ्यांनाच असते. एखादा ओढा, एखादी गटार, एखादी पडीक जागा घ्या आणि तिच्याबद्दल लिहा.

बी.आर्क. झाल्याझाल्या अर्ज. एखादा पावसाळा साइटवर काढा हो. जुलैत साइटवर शिकलेलं स्टुडिओत शिकायला मिळत नाही, आणि मुलाखतीत ते लगेच दिसतं.

जुन्या माहितीवर हिशेब मांडणं. अमेरिकेने जुलै २०२३ मध्ये लँडस्केप आर्किटेक्चर स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत घातलं. त्यामुळे शिक्षणानंतरच्या बारा महिन्यांच्या कामाला आणखी चोवीस महिन्यांची मुदतवाढ मागता येऊ लागली. काही एजंट अजून जुनी यादी दाखवतात. व्हिसाचे नियम सारखे बदलतात, म्हणून सरकारी पान स्वतः वाचा, अर्ज करायच्या आठवड्यात पुन्हा वाचा.

गेट ही प्रवेशपरीक्षा राहून जाणं. एसपीएचा विचार असेल तर आर्किटेक्चर अँड प्लॅनिंगचा पेपर द्या. फॉर्म ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास निघतो, परीक्षा फेब्रुवारीत असते. महाराष्ट्रातल्या कॉलेजांसाठी एम.आर्क.ची सीईटी वेगळी. डिसेंबरमध्ये जाग येऊन 'गेटची लिंक कुठाय?' असं विचारणारे दरवर्षी असतातच.

आणि शिफारसपत्रं. अमेरिकेच्या बऱ्याच डेडलाइन डिसेंबर-जानेवारीत असतात, नेमक्या आपल्याकडच्या सबमिशनच्या दिवसांत. सरांना महिनाभर आधी विचारा, सोबत आपलं काम पाठवा, कुठल्या प्रोजेक्टबद्दल लिहायचं ते सुचवा. 'सर, तुम्हीच म्हणालात की ड्राफ्ट तूच कर' असं म्हणत स्वतःच लिहिलेलं पत्र पुढे करू नका. तुमची आणि सरांची इंग्रजी एकच आहे हे तिकडच्या माणसाला दोन ओळींत समजतं.