क्लायंट म्हणतो "आधीचाच ड्राफ्ट बरा होता", तेव्हा काय करायचं

फायनल, फायनल२, खरंच फायनल अशा फायलींचा ढीग करण्यापेक्षा गूगल डॉक्समध्ये एकच फाइल ठेवा आणि ड्राफ्ट पाठवायच्या आधी त्याला नाव देऊन टाका, नंतर शोधाशोध होत नाही.

१. लॅपटॉपवर फाइल मेनूत व्हर्जन हिस्टरी, तिथे नेम करंट व्हर्जन.
२. नाव असं द्या की महिन्याभरानं पण कळेल, म्हणजे "१२ जून, पहिला ड्राफ्ट, पाठवला". नुसतं "नवीन" लिहून काही उपयोग नाही.
३. जुना हवा असेल तर कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि एच एकत्र दाबा, यादी उघडते, हवा तो निवडून रिस्टोअर. मधलं काम पुसलं जात नाही, तेही यादीत राहतं. पण मला विचाराल तर अख्खं रिस्टोअर कशाला, दोन परिच्छेदच हवे असतात बहुतेक वेळा, तेवढे कॉपी करून आणा.

एक मात्र सांभाळा, क्लायंटला एडिट अ‍ॅक्सेस दिलात तर त्याला पण ही सगळी हिस्टरी दिसते, तुमची कच्ची वाक्यं, खोडलेल्या शिव्या सगळं 😄 म्हणून मेक अ कॉपी करून ती कॉपी शेअर करायची, तिच्यात जुनी हिस्टरी येत नाही.