सहा आठवडे कुणाला द्यायचे?

न्यू जर्सीतल्या मराठी घरांत मूल हायस्कूलला गेलं की समर प्रोग्रॅमचा, म्हणजे उन्हाळी सुट्टीतल्या अभ्यासशिबिरांचा, विषय दिवाळीच्या फराळाबरोबरच निघतो. लेक अकरावीत असताना मंडळाच्या कार्यक्रमात मी चकली खात खात पाच नावं ऐकली. त्यातली चार आयुष्यात पहिल्यांदा. ज्यांच्याकडे हा विषय यंदा नव्याने निघणार आहे, त्यांच्यासाठी आमचं काय झालं ते सांगते.

आधी पाकिटांबद्दल. ‘आपल्या मुलीची निवड झाली आहे’ असं जाडजूड पत्र आमच्याकडेही आलं, वर नावाजलेल्या विद्यापीठाचा फोटो. दोन दिवस मी हवेत. अर्जच केला नव्हता तर निवड कशावरून झाली, हा प्रश्न तिसऱ्या दिवशी पडला. बारीक अक्षरांत लिहिलं होतं: कार्यक्रम खासगी कंपनीचा, विद्यापीठाच्या फक्त खोल्या भाड्याने.

खऱ्या चुरशीचे प्रोग्रॅम निराळे, आणि एकासारखा दुसरा नाही. सगळ्यांच्या तोंडी असतं ते एमआयटीतलं आरएसआय, म्हणजे रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट. ते 1984 पासूनचं, फी नाही, पहिला आठवडा सोडला तर मूल एका मार्गदर्शकाच्या हाताखाली संशोधनच करतं. समर सायन्स प्रोग्रॅम त्याहून जुना, 1959 चा. त्याच्या ॲस्ट्रोफिजिक्स शाखेत तिघातिघांच्या टीम पृथ्वीजवळच्या लघुग्रहाची दुर्बिणीतून निरीक्षणं घेतात आणि स्वतः कोड लिहून त्याची कक्षा काढतात. म्हणजे रात्रीची जागरणं आणि टीममधली भांडणं आलीच. बॉस्टन युनिव्हर्सिटीतलं प्रॉमिस (1989) हे गणिताचं शिबिर, रॉस नावाच्या जुन्या गणित-शिबिराच्या (1957) वळणावर गेलेलं. दोन्हीकडे सहा आठवडे मुख्यतः नंबर थिअरी, म्हणजे पूर्णांकांचं गणित. सकाळी व्याख्यान, मग प्रश्नांचा गठ्ठा, आणि मदतीला असलेले काउन्सेलर उत्तर सांगत नाहीत. मॅथकॅम्प पाच आठवड्यांचा. तिथे कुठल्या तासाला बसायचं ते मुलंच ठरवतात. ज्याच्या मागे कुणीतरी लागावं लागतं, अशा मुलाला मी तिथे पाठवणार नाही.

मला लेकीचा कल कळला तो अर्ज भरताना. लघुग्रहवाल्यांच्या निबंधांसाठी मी चार वेळा मागे लागले. प्रॉमिसच्या अर्जात गणितं सोडवून पाठवायची असतात. फेब्रुवारीत बर्फामुळे शाळा बंद होती, तर ही सकाळपासून त्यातल्या एकाच गणितावर. जेवायला हाक मारली की ‘आई, पाच मिनिटं’. वरणभात दोनदा गरम केला. गणित त्या दिवशी सुटलं नाहीच, पण कुठपर्यंत पोचली ते तिने नीट लिहून ठेवलं. इथे आयांनी आणि शिकवणीच्या सरांनी हात लावायचा नाही. मूल आत गेलं तर पुढचे सहा आठवडे तेच करायचं असतं, तेव्हा आपण जवळ नसतो.

शिफारसपत्रासाठी शिक्षकांना सुट्टीआधीच विचारा, आर्थिक मदतीची चौकशी अर्ज करतानाच करा. आणि उत्तर कळवायच्या तारखा फ्रिजवर लावा. एकाचा होकार येतो, चार दिवसांत हो-नाही सांगायचं असतं, आणि दुसऱ्याचा पत्ता नसतो. त्या आठवड्यात आमच्या घरात कुणी धड बोलत नव्हतं.

लघुग्रहवाल्यांचा नकार आला. प्रॉमिसचा होकार आला आणि ड्रू युनिव्हर्सिटीत भरणाऱ्या गव्हर्नर्स स्कूल या न्यू जर्सीतल्या विज्ञान-शिबिराचाही. ती तीन आठवड्यांची, विनामूल्य, घरापासून गाडीने जेमतेम तास. जुलै दोन्हीकडे अडकत होता. नवऱ्याचा कौल अर्थातच ड्रूला, आणि त्यात गैर काहीच नव्हतं. ज्या मुलाला थोडं रसायन, थोडं जीवशास्त्र चाखून बघायचंय, त्याला मीही तिकडेच धाडलं असतं. मंडळातल्या एका काकूंनी विचारलं, “आरएसआय नाही का झालं?” त्यांना लाडू वाढला.

लेक बॉस्टनला गेली. तिसऱ्या आठवड्यात रात्री फोन: “आज एकही सुटलं नाही.” मी म्हटलं, घ्यायला येऊ का? “अगं नाही, आम्ही चौघी परत बसतोय.”

ऑगस्टच्या मध्यावर संपलं, शाळा लेबर डेनंतर. मधल्या दिवसांत साताऱ्याला गेलो. आजीने विचारलं, “सहा आठवडे काय शिकलीस गं?” तिने ओटीवर शेंगदाणे मांडले. तेरा दाण्यांचे दोन चौरस झाले, नवाचा आणि चाराचा. पाचाचेही झाले, चार आणि एक. मग म्हणाली, “आता सातांचे करून दाखव.”

आजी चष्मा लावून बसली. चहा गार झाला तरी उठेना.