आवाज फाटतोय? इक्वलायझरला हात लावण्याआधी हे करा

सांगली-सातारा पट्ट्यातल्या आणि खाली कोकणातल्या एकपडदा थिएटरांची साउंड सिस्टीम बघणं हे माझं काम. "आवाज फाटतोय, या लवकर" असा फोन आला की निघण्याआधी मी ऑपरेटरला तीन गोष्टी विचारतो: कुठून फाटतोय, फेडर (आवाज कमी-जास्त करायचं मुख्य बटण) कितीवर आहे आणि कुठल्या खेळाला फाटतोय. बरंचसं निदान तिथंच होतं.

कुठून, हे आधी. ५.१ मध्ये (पडद्यामागे तीन स्पीकर, भिंतींवर डावे-उजवे सराउंड आणि एक सबवूफर) जवळजवळ सगळे संवाद पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून, म्हणजे सेंटरमधून येतात. गाणी, पाऊस, मारामारी यांत बाकीचे वाटेकरी असतात. संवादाचं ओझं त्या एकट्यावर. त्यामुळे पहिला संशय त्याच्यावरच घ्यायचा.

मग फेडर. डॉल्बीच्या प्रोसेसरवर (सिनेमाचा आवाज वेगवेगळ्या स्पीकरांना वाटून देणारं यंत्र) ७ हा प्रमाण आकडा. ४ ते १० मध्ये दर आकड्याला सुमारे ३.३ डेसिबलचा फरक पडतो, ४ च्या खाली आलात की एका आकड्याला तब्बल २० डेसिबल. खेळ ५ वर चालत असेल तर ७ च्या मानाने अ‍ॅम्पला (अ‍ॅम्प्लिफायरला) जेमतेम पाचव्या हिश्शाचीच ताकद लावावी लागते. तेवढ्यातही फाटत असेल तर अ‍ॅम्प कमी पडतोय हे बहुधा खरं नाही. दोष स्पीकरमध्ये नाहीतर जोडणीत शोधा. उलट, फक्त ७ वर आणि फक्त दणक्याच्या प्रसंगात फाटत असेल तर अ‍ॅम्पचा लाल क्लिप दिवा बघा, अ‍ॅम्पची ताकद संपून तो क्लिप होतोय, म्हणजे आवाजाची टोकं छाटली जाताहेत, हे तो सांगतो. तो नुसता लुकलुकला तर चालेल, पेटूनच राहिला तर नाही.

दुपारी ठणठणीत आणि सहा-नऊलाच फाटत असेल, तर अ‍ॅम्प उघडण्याआधी संध्याकाळी रॅकच्या सॉकेटवर व्होल्टेज मोजा. २३० च्या जागी १८०-१९० मिळत असेल तर जुने, जड ट्रान्सफॉर्मरवाले अ‍ॅम्प लवकर क्लिप होणारच. तिथे स्पीकर बदलून पैसे घालवू नका, स्टॅबिलायझर बघा.

एक गोष्ट थिएटरात पोचल्यावर लगेच: दुसरं काहीतरी वाजवून बघा. गावातल्या सराफाची किंवा साडीच्या दुकानाची जाहिरात बहुतेक वेळा कुणाच्या तरी लॅपटॉपवर शेवटच्या टोकापर्यंत रेटून बनवलेली असते. ती फाईलमध्येच फाटलेली असते आणि शिव्या थिएटरला बसतात. फक्त जाहिरातीत फाटत असेल तर यंत्रणेला हातसुद्धा लावू नका.

आता पडद्यामागे जा. तिथे कानाने जे कळतं ते खुर्चीत बसून कळत नाही. 'स', 'श', 'च' थुंकल्यासारखे उडत असतील तर हॉर्नचा ड्रायव्हर (भोंग्यामागचा, बारीक आवाज काढणारा भाग). पुरुषी आवाज घोगरा होऊन फरफरत असेल तर वूफर (जाड आवाज काढणारा मोठा स्पीकर). मधूनच कडकड होऊन आवाज जातो-येतो, तो लूझ कॉन्टॅक्ट. एकसारखी घूंऽऽ म्हणजे अर्थिंग, तो वेगळा विषय. पिंक नॉइजवर (सगळे सूर एकदम असलेली चाचणीची सळसळ) मात्र विसंबू नका. लेव्हल मोजायला तो उत्तम, पण त्या सळसळीत फाटणं झाकून जातं. त्यापेक्षा हळू आवाजात साइन टोन (एकच शुद्ध सूर) खालून वर सरकवत न्या. कधीकधी स्पीकर निर्दोष निघतो आणि खणखणत असते पडद्याची फ्रेम नाहीतर एसीची जाळी. बेस बिनच्या (वूफरच्या पेटीच्या) तोंडात उंदरांनी केलेलं घरही मी बाहेर काढलंय.

तरी कळलं नाही तर अदलाबदल. अ‍ॅम्प बंद करा. सेंटर आणि लेफ्टच्या अ‍ॅम्पच्या इनपुट वायरी आपापसात बदला. हॉर्नची हॉर्नशी, वूफरची वूफरशी, यात गल्लत नको. बाय-अ‍ॅम्प सिस्टीममध्ये (हॉर्नला वेगळा अ‍ॅम्प, वूफरला वेगळा) बेसचा सिग्नल हॉर्नला गेला तर डायफ्राम (ड्रायव्हरमधला थरथरणारा पातळ पडदा) क्षणात जातो. फाटणं लेफ्टला सरकलं तर दोष अ‍ॅम्पच्या अलीकडे, प्रोसेसरमध्ये किंवा केबलमध्ये. सेंटरलाच राहिलं तर अ‍ॅम्प किंवा स्पीकर. मग इनपुट जागेवर आणून आउटपुटच्या वायरी तशाच बदला, म्हणजे उरलेल्या दोघांतला चोर सापडतो.

स्पीकर ठरला की मल्टिमीटर. ८ ओहमच्या चांगल्या ड्रायव्हरचा डीसी रोध साधारण ५.५ ते ६.५ ओहम दिसतो. मोजायचं मात्र थेट ड्रायव्हरच्या टर्मिनलवर, एक वायर सोडवून. हॉर्नच्या वाटेत संरक्षणासाठी कपॅसिटर लावलेला असतो. त्याच्या अलीकडून मोजलं तर मीटर ओपन दाखवतो आणि धडधाकट ड्रायव्हर मेला म्हणून भंगारात जातो. वूफर बहुधा जोडीने समांतर (पॅरलल) जोडलेले असतात, त्यामुळे दोन्ही मिळून तीनच्या आसपास रीडिंग येतं. ते सहाच्या जवळ गेलं तर जोडीतला एक गेलाय. हा दोष महिनोन् महिने लपतो, कारण बेस येत राहतो. आवाज थोडा पडतो, कुणीतरी फेडर वाढवतं आणि मग उरलेला एकटा फाटायला लागतो.

रीडिंग बरोबर असूनही घोगरेपणा असेल तर अ‍ॅम्प बंद ठेवून दोन्ही हातांची बोटं वूफरच्या कोनवर (पुढच्या शंकूवर) मधल्या टोपीच्या कडेने गोल ठेवा आणि सगळीकडून सारख्याच दाबाने हलकेच आत ढकला. गुपचूप आत-बाहेर व्हायला हवा. खर्र असं लागलं तर कॉइल (कोनमागची तारेची गुंडाळी) घासतेय. एका बाजूने दाबलात तर नवा कोरा वूफरही घासेल, म्हणून घाई नको.

हॉर्नचा डायफ्राम बदलताना चुंबकाची फट साफ करणं हेच खरं काम. मास्किंग टेपची पट्टी चिकट बाजू बाहेर करून दुमडा, फटीत गोल फिरवा, काळी लोखंडी कीस घेऊन ती वर येईल. टेप स्वच्छ निघेपर्यंत नवी पट्टी घेत राहा. स्क्रूड्रायव्हर जवळ नेताना जपून, चुंबक तो हातातून ओढून घेतो. बसवल्यावर लाल-काळी वायर तपासा. उलटी लागली तर फाटणं जाईल, पण हॉर्न आणि वूफर जिथे मिळतात तिथे एकमेकांना खातील आणि संवाद पोकळ ऐकू येतील.

कोकणात हे सगळं करण्याआधी स्ट्रिप कनेक्टर (वायरी स्क्रूने जोडायची पट्टी) उघडा. खाऱ्या हवेने तांबं हिरवं पडलेलं असतं. नुसतं खरवडू नका. टोक कापून ताजी वायर सोला आणि लग (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) दाबून बसवा. टोकाला सोल्डर लावून स्क्रूखाली धरू नका. सोल्डर मऊ असतो, हळूहळू दबतो आणि सहा महिन्यांनी स्क्रू सैल.

आता इक्वलायझर. संवाद अस्पष्ट वाटले की बरेच जण वरची, म्हणजे बारीक सुरांची पट्टी चढवतात. ६ डेसिबल चढवलं की त्या पट्टीत ड्रायव्हरला चौपट ताकद जाते. थिएटरच्या एक्स कर्व्हमध्ये (हॉलमधल्या आवाजासाठी ठरलेला प्रमाण आलेख) २ किलोहर्ट्झच्या वर आवाज दर सप्तकाला ३ डेसिबल उतरत जाणं अपेक्षितच आहे, तो उतार म्हणजे बिघाड नव्हे. बिघडलेला ड्रायव्हर इक्वलायझरने झाकला की चार दिवस बरं वाटतं, नंतर नवा डायफ्रामही त्याच चढवलेल्या पट्टीवर जळतो. म्हणून दुरुस्ती आधी, ट्यूनिंग नंतर.

दुरुस्तीनंतर फेडर ७ वर ठेवून हॉलच्या दोन तृतीयांश खोलीवर आवाज मोजायचा मीटर लावा, त्याची सेटिंग सी वेटिंग, स्लो. पिंक नॉइजवर पडद्यामागचा प्रत्येक स्पीकर ८५ डेसिबल, आणि ५.१ मध्ये डावा-उजवा सराउंड प्रत्येकी ८२. सेंटर ८५ ला बसला की ट्रिम (त्या स्पीकरची वेगळी लेव्हल) तिथेच सोडा, मालक "संवाद जरा वाढवून द्या" म्हणाले तरी. ड्रायव्हरचं रीडिंग आणि तारीख मार्करने पेटीच्या पाठीवर लिहून ठेवा. पुढच्या वेळी मी येईन किंवा दुसरा कुणी, ताडून बघायला आकडा जागेवर मिळेल.